काकांना सांगितलेली बिअर

‘ग्रेपफ्रूट, पाइन, स्पायसी राय फिनिश.’

माझ्या डायरीत त्या गुरुवारच्या पानावर एवढंच लिहिलेलं आहे. वर तारीख, खाली ग्लासचा ओला गोल. एकदम प्रोफेशनल! पण खरं सांगू? ग्रेपफ्रूट मी आयुष्यात दोनदा खाल्लंय, दोन्ही वेळा कुणाच्या तरी रिसेप्शनला, फ्रूट काउंटरवर. आणि पाइनचं झाड जवळून एकदाच पाहिलं, कॉलेजच्या मनाली ट्रिपमध्ये. तेव्हा मला सर्दी झाली होती. तरीही लिहिलं. कारण बिअरबद्दल असंच लिहायचं असतं, असं बिअरबद्दल लिहिणाऱ्या बाकीच्यांचं वाचून माझं मत झालेलं.

हा फंडा खपलाही असता. पण शुक्रवारी रात्री गावाहून काकांचा फोन आला.

काका संग्रामपूर तालुक्यात असतात. नकाशात शोधणार असाल तर बुलडाणा जिल्ह्याच्या वरच्या टोकाला बघा. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने शेगाव, तिथून एसटीने वरवट बकाल आणि मग पुढे. तालुक्याच्या वरच्या अंगाला सातपुडा आणि अंबाबरव्याचं जंगल, खालच्या अंगाला पूर्णा नदी. आमचं गाव खालच्या अंगाला. काका शेती करतात, म्हणजे करायचे. माळकरी माणूस. चहा सोडला तर कुठल्याच व्यसनाला शिवलेले नाहीत. आणि तरी हा कॉलम सुरू झाल्यापासून दर शुक्रवारी त्यांचा एकच प्रश्न असतो.

“काय वं पोरी, या हप्त्यात काय पेली?”

घरात बाकी कुणाशी हा विषय काढायची सोय नाही. आईचं म्हणणं, खाण्याबद्दल लिहितेस ते ठीक आहे, पिण्याबद्दल लिहितेस ते नातेवाइकांत बोलू नकोस. काकांचं लॉजिक वेगळं. “मी पेत नाही, पन आयकाले का पैसे पडतात?”

तर मी डायरी उघडून टेचात वाचून दाखवलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग काका म्हणाले, “राई? म्हंजे मोहरी टाकली का त्याच्यात?”

हसू नका. हा प्रश्न मलाही पहिल्यांदा पडला होता. राई नाही, राय. युरोपातलं थंड प्रदेशातलं धान्य, गव्हाचं लांबचं भावंड. जर्मनी, पोलंड, रशियाकडे त्याचा काळसर पाव करतात. आपल्याकडे ते पिकत नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे त्याला मराठीत नावही नाही. ब्रुअर लोक त्याचं मॉल्ट बाहेरून मागवतात. इतकं सगळं सांगून झाल्यावर काका म्हणाले, “बरं. अन् लागते कशी?”

मी पुन्हा म्हणाले, “स्पायसी.”

“तिखट?”

“तिखट नाही हो... म्हणजे... स्पायसी.”

“पोरी,” काका म्हणाले, “मले तं ते पेता येत नाही. तुह्यं सांगनंच मले पेनं हाय. तं जरा नीट सांगत जाय.”

आता इथे थोडं थांबून काकांबद्दल सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल, गावाकडचं एक गोड म्हातारं कॅरेक्टर दिसतंय.

आमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोन्ही काठांनी हा पट्टा पसरलाय. गाळाची काळीभोर जमीन, कपाशी झकास, आणि खाली पाणी खारं. विहीर खणा, बोअर मारा, नशिबात खारटच. या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, चहा कधी कधी नासतो, साबणाला फेस येत नाही. या भागात किडनीच्या आजाराचे पेशंट फार. शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या या पेशंटांच्या बातम्या वर्षानुवर्षं छापून येतायत, आणि गावात कुणालाही विचारा, बोट पाण्याकडेच जातं. वान धरणावरून १४० गावांसाठी पाणीपुरवठा योजना आली, आरओच्या पाण्याचे जार घराघरात आले, तरी जे पाणी आधीच्या पिढीने पन्नास वर्षं प्यायलं ते पिऊन झालेलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले, तेव्हाही पहिला संशय पाण्यावरच गेला होता. नंतर तो रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे वळला. पण ‘पहिला संशय पाण्यावर’ ही आमच्याकडची रीत आहे.

काकांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी ठरवून दिलंय, पाऊण लिटर. त्यात सकाळचा चहा आला, वरणातलं पाणी आलं, गोळ्या गिळायचं पाणीही आलं. काकूने खिडकीत एक जुनी बाटली ठेवलीय. सकाळी खुणेपर्यंत भरायची, रात्रीपर्यंत तेवढीच. उन्हाळ्यात काका दुपारीच त्या बाटलीकडे बघत बसतात.

आणि गंमत म्हणजे, गंमत म्हणू नये खरं तर, या माणसाइतकी पाण्याची जीभ मी कुणाची पाहिलेली नाही. मी लहान असताना आमचा एक खेळ होता. मी आणि चुलतभाऊ वेगवेगळ्या ठिकाणचं पाणी पेल्यात आणायचो आणि काका डोळे मिटून सांगायचे. ही मारुतीजवळची विहीर. ही शाळेची हापशी. हे मळ्यातलं, पण पावसाळ्यातलं उरलेलं. खारं, मचूळ, जड, हलकं, गोडं, कसरट... एका पाण्याला त्यांच्याकडे इतके शब्द होते. आणि मी, मास कॉमची डिग्री घेतलेली, एका बिअरला ‘स्पायसी’ म्हणून मोकळी झाले होते.

म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच मायक्रोब्रुअरीत गेले. या वेळी दुपारी, गर्दी नसताना. आणि सॅकमध्ये एक लिटरची बाटली घेऊन. संक्रांतीला गावी गेले होते, तेव्हा शाळेच्या हापशीचं पाणी भरून आणलं होतं. का आणलं, ते आणताना मलाही नीट कळलं नव्हतं.

पुण्यात मायक्रोब्रुअरी म्हणजे आता कौतुकाची गोष्ट राहिलेली नाही. सुरुवात २००९ मध्ये डूलॅलीने केली. नाव इंग्रजी वाटतं ना? ते मुळात आपल्या नाशिकजवळचं देवळाली आहे. ब्रिटिश सोल्जर तिथल्या कॅम्पात मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन्महिने पडून राहायचे आणि उकाड्याने, कंटाळ्याने त्यांचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत डूलॅली म्हणजे सटकलेला! तर आता गल्लोगल्ली नाही, पण एरियाएरियात टॅप आहेत आणि वीकेंडला बाहेर वेटिंग असतं. बहुतेकांची सुरुवात हेफवायझनसारख्या गव्हाच्या गोडसर बिअरने होते. कडूकडे वळायला आपल्याला वेळ लागतो. मी वळले ती या राय पेल एलमुळे.

माझा ब्रुअर, म्हणजे ज्याला मी छळते तो, तिशीतला मुलगा आहे. इंजिनिअर होता, अर्थातच. (पुण्यात इंजिनिअर नसलेला ब्रुअर मला अजून भेटायचाय.) गमबूट घालून मॅश टनपाशी उभा होता. मॅश टन म्हणजे दळलेलं मॉल्ट गरम पाण्यात भिजवायचं मोठं स्टीलचं पातेलं. तासभर भिजलं की धान्यातल्या स्टार्चची साखर होते, आणि ते गोड पाणी खालून गाळून घ्यायचं. बार्लीला टरफल असतं, त्याची आपोआप गाळणी होते. रायला टरफल नसतं. शिवाय त्यात चिकटपणा भयंकर. हात घालून बघ म्हणाला. मी घातला. भेंडी चिरल्यावर बोटांना लागतं ना, तसं! जास्त राय घातली की सगळं लगद्यासारखं बसतं आणि गाळणं बंद. म्हणून तो एकूण धान्यात पाचवा हिस्साच राय घालतो आणि वर भाताची तुसं टाकतो, गाळणी मोकळी राहावी म्हणून. हे ऐकून मला फार बरं वाटलं. इतकी इम्पोर्टेड बिअर, आणि तिची अडचण सोडवतंय भाताचं तूस.

पण हाच चिकटपणा ग्लासात आला की कामाचा. त्याने बिअरला अंग येतं, फेस दाट येतो. आणि तरी शेवट कोरडा राहतो, ही रायची खासियत. हे एकदा कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि जमलं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावात टेरापिन नावाच्या ब्रुअरीने २००२ मध्ये आपली पहिलीच बिअर म्हणून राय पेल एल काढली, आणि त्याच वर्षी ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलमध्ये तिला अमेरिकन पेल एल गटात सुवर्णपदक मिळालं. नवख्याने पहिल्याच मॅचला सेंच्युरी मारावी तसं. नंतर राय वापरणाऱ्यांची रांग लागली.

कडूपणा येतो हॉप्समधून. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, पण ब्रुअरीत ती येतात हिरव्या दाबलेल्या गोळ्यांच्या रूपात. दिसायला थेट कोंबडीचं खाद्य. ही वेल गांजाच्या कुळातली (काकांना सांगितलं तर म्हणाले, “म्हंजे भांगेची बहीनच!”), नशा मात्र नाही. हिमाचलात लाहौलच्या थंड खोऱ्यात तिची शेती झालेली आहे, पण या अमेरिकन वासाच्या जाती तिकडूनच येतात. फंडा सोपा आहे. हॉप्स आधी घालून तासभर उकळले की कडू उतरतं आणि वास उडून जातो. शेवटी घातले, किंवा गार झालेल्या बिअरमध्ये नुसते भिजत ठेवले, की वास राहतो आणि कडू फारसं येत नाही. म्हणजे फोडणी आणि वरून पेरलेली कोथिंबीर यातला फरक. कडूपणा मोजायचं एक मापही आहे, आयबीयू. अमेरिकन धाटणीच्या पेल एलचं साधारण तीस ते पन्नासच्या दरम्यान असतं. दुकानातल्या नेहमीच्या लागरचं वीसच्या आत.

हे सगळं मला थोडंफार माहीत होतं. मला हवं होतं ते पुढचं.

“पाणी कुठलं वापरतोस?” मी विचारलं.

त्याचा चेहरा खुलला. हा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही म्हणे. खडकवासल्याचं पाणी तसं हलकं, तरी तो ते आधी आरओमधून काढतो. म्हणजे पाणी जवळजवळ कोरं करून घ्यायचं आणि मग बिअरप्रमाणे त्यात क्षार मोजून घालायचे. सल्फेट जास्त असेल तर कडू धारदार लागतं आणि पटकन सुटतं. क्लोराइड जास्त असेल तर धान्याचा गोडवा पुढे येतो, सगळं गोलमटोल लागतं. या बिअरला सल्फेट हवं, म्हणून त्यात तो जिप्सम टाकतो. पाचशे लिटरला दीड-दोनशे ग्रॅम. डब्यातली पांढरी पूड दाखवली त्याने.

जिप्सम! आमच्याकडे हे पोत्याने येतं. खारपाणपट्ट्यातल्या जमिनी चोपण होतात, पाऊस पडला की चिखल नि वाळली की दगड. त्या सुधारायला शेतात जिप्सम टाकायला सांगतात. काकांनी मोप टाकलंय.

यामागे एक मजेशीर इतिहास आहे. पेल एल इंग्लंडहून बोटीने आपल्याकडे यायची, मुंबई-कलकत्त्याच्या साहेबलोकांसाठी. त्यातूनच पुढे ‘इंडिया पेल एल’ हे नाव रूढ झालं. आधी हा धंदा लंडनच्या हॉजसनकडे होता. १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ब्रुअरांनी तो हिसकावला. त्यात बर्टनच्या पाण्याचा हात मोठा होता. त्या गावाखालचं पाणीच जिप्समने भरलेलं, हॉप्सचा कडूपणा त्यात असा काही खुलायचा की बाकीच्यांना जमेना. आज जगभर ब्रुअर पाण्यात जिप्सम टाकतात त्याला ‘बर्टनायझेशन’च म्हणतात. म्हणजे नाव इंडियाचं, पाणी बर्टनचं.

मी बाटली काढली. “हे बघ बरं.”

त्याने मीटर बुडवला. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत असं भारतीय मानक सांगतं. दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या म्हणतं. मीटरचा आकडा दोन हजार ओलांडून पुढे गेला. त्याने भुवया उंचावल्या. मग खास ब्रुअरच्या स्टाइलने ग्लासात घोटभर घेतलं, वास घेतला, तोंडात घोळवलं. आणि थुंकलं.

“सोडियम, क्लोराइड भरपूर,” तो म्हणाला. “मॅग्नेशियम पण असणार, मागे कडवट येतंय. भारी आहे! याची गोझ होईल. जर्मनीत गोस्लार गावाला एक नदी आहे, तिच्यावरून नाव पडलं. मीठ घातलेली आंबट बिअर. तुमच्या पाण्यात मीठ घालायची पण गरज नाही. कुठलं आहे हे? लॅबचं?”

“शाळेच्या हापशीचं.”

“म्हणजे... वापरायचं पाणी?”

“प्यायचं. पूर्वी.”

तो काही बोलला नाही. ग्लास विसळायला गेला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ विसळत बसला. परत आल्यावर म्हणाला, “सॉरी यार, मी थुंकलो ते...”

मी म्हटलं, अरे, थुंकायचंच पाणी आहे ते.

असो. त्याने राय पेल एलचा ग्लास भरून दिला. मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसले आणि काकांना व्हिडिओ कॉल लावला. काका खाटेवर, मागे भिंतीला टेकून. डायलिसिसचा दिवस नव्हता. काकू बाजूला. मी आधीच सांगून ठेवलं होतं त्याप्रमाणे काकूने एका ताटात सामान मांडलं होतं: संत्र्याची साल, भाकरीचा तुकडा, मिऱ्याचे चार दाणे आणि एका वाटीत सालईचा डिंक.

“कर सुरू,” काका म्हणाले. “आधी रंग सांग.”

डायरी मी उघडलीच नाही. सोनेरी नाही, म्हटलं, तांबूस आहे. कोऱ्या चहात लिंबू पिळल्यावर जो रंग येतो ना, तो. आणि जरा गढूळ. फेस पांढरा नाही, किंचित पिवळसर, आणि बसत नाही लवकर. धार काढताना चरवीत येतो तसा, दाट.

“हां,” काका म्हणाले. “म्हशीचा का गाईचा?”

“म्हशीचा.”

“बरं. वास?”

वासासाठी एक टिप तुम्हालाही देते. बिअर बर्फासारखी गार असेल तर वास येतच नाही. बाहेर काढून पाच-सात मिनिटं ठेवा, आणि फ्रीझरमध्ये ठेवलेला पांढरा धुकट ग्लास घेऊ नका, मग लाख रुपयांचे हॉप्स असले तरी फुकट. मी ग्लास हलवला, नाक घातलं. पहिला येतो तो संत्र्याचा. पण रसाचा नाही, सालीचा. साल डोळ्यासमोर दाबली की तुषार उडतात आणि डोळे चुरचुरतात, तो. आमच्या तालुक्यातच वर सातपुड्याच्या पायथ्याला सोनाळ्याकडे गोडं पाणी आहे आणि संत्र्याच्या बागा आहेत, आत्याची बागही तिकडेच. दरवर्षी काकांकडे पेटी येते. पण डायलिसिसच्या पेशंटला संत्रं चालत नाही, त्यात पोटॅशियम जास्त. पेटी शेजारीपाजारी वाटली जाते.

सालीला मात्र कोण ना म्हणणार? काकांनी साल नाकाशी धरून दाबली आणि डोळे मिटले.

“डोयात गेलं,” ते म्हणाले, आणि हसले. “मंग?”

मग डिंक. डायरीत मी ज्याला पाइन म्हटलं होतं तो वास मला आधी लागला होता तो अंबाबरव्याच्या वाटेवर. सालईच्या झाडाला खाच पाडली की पाझरतो, ओला, चिकट, थोडा लिंबासारखा, थोडा धुपासारखा. काकांनी वाटी उचलली, वास घेतला, आणि म्हणाले, “बिअरीत हा वास?” मी म्हटलं, हो. त्यांनी पुन्हा घेतला. “मंग तं जंगलच पेऊन राह्यली तू.”

मी पहिला घोट घेतला. सांगत गेले. सुरुवातीला गोडसर, भाजलेल्या धान्याचं. तव्यावर भाकरी जरा जास्त राहिली की वरचा पापुद्रा करपतो, ती चव. काकूने तुकडा पुढे केला, त्यांनी कडा चावली. मग मधे रायचं ते ‘स्पायसी’. आता मला कळलं होतं ते काय आहे. तिखट नाही, मसालाही नाही. मिरी दाताखाली न चावता नुसती जिभेवर ठेवली तर जो कोरडा भास होतो, तो. काकांनी एक दाणा जिभेवर ठेवला, अर्धा मिनिट गप्प बसले.

“ह्याले तू स्पायसी म्हनत होती?”

“हो.”

“हे तं मिऱ्याची सावली हाय.”

मी हे लिहून घेतलं. यापुढे राय बिअरबद्दल कुठेही काही छापून आलं आणि त्यात ही ओळ असली तर ती कुणाची आहे ते तुम्हाला माहीत असू दे.

एक सांगायचं राहिलं. ही बिअर काही परफेक्ट नाही. दुसऱ्या अर्ध्या ग्लासात ती जरा कोमट झाली की मधला चिकटपणा जाणवायला लागतो, ओठांना लागून राहतो. मला वाटतं ब्रुअरने राय थोडी कमी करावी. त्याला सांगितलं, तर म्हणाला, पुढच्या बॅचला बघू. अल्कोहोल साडेपाच टक्के, आपल्याकडच्या आठ टक्क्यांच्या ‘स्ट्रॉंग’ बाटलीपुढे काहीच नाही, त्यामुळे चव घ्यायला डोकं शाबूत राहतं. सोबत तळलेलं काही घेऊ नका. शेंगदाण्याची सुकी चटणी आणि भाकरीचे तुकडे मागवता आले तर काय बहार येईल! पण मेन्यूवर नाचोजच आहेत.

“अन् एक सांग,” काका मधेच म्हणाले. “हा एक गिलास कराले पानी किती लागते?”

हे मी ब्रुअरला आधीच विचारलेलं होतं, आणि काकांनी विचारू नये असं मनात म्हणत होते. लहान ब्रुअरीत एक लिटर बिअरला धुण्या-पुसण्यासकट पाच-सात लिटर पाणी जातं. माझ्या समोरचा ग्लास अर्ध्या लिटरचा. मी खोटं बोलू शकले असते. “तीनेक लिटर,” मी म्हणाले.

काकांनी मान हलवली. खिडकीतल्या बाटलीकडे बघितलं की नाही, ते मला स्क्रीनवर दिसलं नाही. मनात हिशेब केला असणार, त्यांचे चार दिवस. पण बोलले वेगळंच. “थ्या जिप्समचं काय म्हनत होती?”

मी सांगितलं. आधी पाण्यातलं सगळं काढून टाकतात, मग हवं तेवढं मोजून घालतात. त्याने कडू स्वच्छ लागतं, रेंगाळत नाही.

“काढून टाकतात,” काका म्हणाले. “अन् मंग मोजून घालतात.” पुन्हा एकदा स्वतःशीच म्हणाले. मग, “पे आता. कडूचं सांग.”

कडू शेवटी येतं. कारल्यासारखं नाही, कारलं पहिल्यापासून कडू असतं आणि जेवण संपेपर्यंत सोडत नाही. पाडव्याच्या कडुनिंबासारखं नाही, तो घशात उतरतो. हे जिभेच्या मागच्या बाजूला येतं, घोट गिळल्यावर. एकदम येतं. संत्र्याच्या सालीच्या आतला पांढरा भाग चुकून चावला गेला की येतं तसं, पण कोरडं.

“माह्या तोंडात तं दिवसभर कडूच राह्यते,” काका म्हणाले. साध्या आवाजात, हवापाण्याचं बोलावं तसं. “पितळीचा गिलास चाटल्यासारखं. डाक्टर म्हनते, किडनीचं हाय. काही खाल्लं तरी जात नाही.”

काकूने ताटातली साल उचलून उगाच दुसरीकडे ठेवली.

“तुह्यं जाते का?”

मी तोंडातलं तपासलं. खरंच तपासलं. आकडे मोजले. एक, दोन, तीन... सात-आठला ते फिकं झालं, मग करपलेल्या भाकरीची जरा चव, मग काहीच नाही. जीभ धुतल्यासारखी.

“जातं, काका. आत्ता गेलं.”

“पुरं?”

“पुरं.”

“मंग चांगली हाय,” काका म्हणाले. “लिही तसं.”